पाच प्लेटांचा माणूस : ठोकळ्यांतून भविष्यातले रणगाडे घडवताना



दिवाळी जवळ आली की आपल्या बेळगावात गल्लोगल्ली माती, दगड आणि जुनी गोणपाटे गोळा व्हायला लागतात. किल्ला हा इथल्या मुलांचा हक्काचा उद्योग. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत मंडळाच्या बालशिबिरात प्लास्टिकच्या ठोकळ्यांतून काहीतरी करून घ्यायचे ठरले, तेव्हा मुले किल्लाच करतील अशी आमची समजूत होती. पहिल्या दिवशी विचारले तर अकरापैकी नऊ जणांचे उत्तर एकच : रणगाडा. तोही आजचा नाही, भविष्यातला. एकाला सहा पायांचा हवा होता, एकाला हवेत तरंगणारा, आणि एकीला मंगळावर चालणारा.

शिबिराच्या शेवटी मुलांनी मांडलेले टेबल आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले. त्यानंतर आम्हाला दोन प्रकारचे प्रश्न आले. पहिला, 'हे इतके लहान करून खरे कसे काय वाटते? आम्हालाही घरी मुलांकडून करून घ्यायचे आहे.' दुसरा, जरा खालच्या आवाजात, 'पण युद्धाच्याच गाड्या कशाला?' दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर आमच्याकडेही पुरते तयार नाही.

लेगो हे नाव ज्या डेन्मार्कच्या कंपनीचे, तिची सुरुवात बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्टियान्सन या सुताराने १९३२ साली केली. आजच्या ठोकळ्याचे पेटंट २८ जानेवारी १९५८ चे. वर गोल उंचवटे आणि आत पोकळ नळ्या अशी ती रचना आजही तीच आहे. त्या वेळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो. या कंपनीचे एक जुने धोरण आहे : आजच्या खऱ्या लष्करी वाहनांचे संच काढायचे नाहीत. २०२० साली त्यांनी ऑस्प्रे या विमानाचा संच तयार केला होता. बचावकार्याच्या रूपात का होईना, पण ते विमान मुळात लष्करी. जर्मनीतल्या शांततावादी संघटनेने आक्षेप घेतला आणि संच दुकानात यायच्या तोंडावर कंपनीने तो मागे घेतला. मात्र हीच कंपनी १९९९ पासून 'स्टार वॉर्स'चे संच विकते, आणि त्यांत तोफा बसवलेल्या गाड्यांची कमतरता नाही. म्हणजे रेषा 'शस्त्र' आणि 'शस्त्र नाही' यांच्यामध्ये नसून 'आजचे खरे' आणि 'कल्पनेतले' यांच्यामध्ये ओढलेली आहे. ही सोयीची रेषा आहे असे कुणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. पण ती अगदी निरर्थकही नाही.

या वादाला जुना इतिहास आहे. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९०३ साली 'द लँड आयर्नक्लॅड्स' ही कथा लिहिली. खंदकांत अडकलेल्या लढाईत एका बाजूकडून लोखंडी, अवाढव्य, पाय जोडलेल्या चाकांवर चालणारी यंत्रे येतात आणि लढाईच संपवतात. खरा रणगाडा रणांगणावर उतरला तो तेरा वर्षांनी, १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत. याच वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तक काढले. खेळण्यातले सैनिक आणि स्प्रिंगच्या तोफा घेऊन घरातल्या फरशीवर लढाई कशी खेळावी, याचे नियम त्यात आहेत. खऱ्या युद्धापेक्षा ही फरशीवरची लढाई कितीतरी बरी, असे त्यांचे सांगणे होते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. तेव्हा खेळल्याने युद्ध टळते असे काही म्हणता येत नाही, आणि खेळल्याने युद्ध होते असेही नाही.

शिबिरातल्या एका आईने स्पष्ट सांगितले की आमच्या घरात खेळण्यातली बंदूकसुद्धा आणत नाही. त्यांची मुलगी मग काय करणार? तिने तोफ नसलेली गाडी केली : बंद पडलेल्या रणगाड्याला ओढून नेणारी. अशी वाहने खऱ्या सैन्यात असतात, हे तिला ठाऊकही नव्हते. तिची गाडी सगळ्यांत चांगली झाली. का, ते पुढे येईलच.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू.

ठोकळ्यांच्या वाहनांचे दोन प्रकार मुलांना माहीत असतात. एक म्हणजे ज्यात ती पिवळ्या तोंडाची छोटी माणसे बसतात तो. तो माणूस सुमारे चार सेंटिमीटर उंच असतो. त्याच्या मापाचा रणगाडा करायचा तर काही शे ठोकळे लागतात, आणि त्यांची किंमत पाहून पालक गप्प होतात. दुसरा प्रकार तळहातावर मावणारा. यात माणूस बसत नाही, तो आत आहे असे समजायचे. चाळीस ते साठ तुकड्यांत काम होते. 'स्टार वॉर्स'मधला चार पायांचा प्रचंड चालता रणगाडा पाहिलेला असेलच. त्याचा २०२१ चा मोठा संच ६,७८५ तुकड्यांचा आहे, आणि २००३ साली त्याच यंत्राचा लहान संच शंभरेक तुकड्यांत निघाला होता. दोन्ही पाहताक्षणी ओळखू येतात. मोठ्यात तपशील आहे. लहानात नेमके काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा विचार आहे, आणि मुलांना शिकवण्यासारखा तोच आहे.

पहिल्या दिवशी आमचे चुकले ते इथेच. आम्ही ठोकळे ओतले आणि 'करा' म्हटले. तासाभराने टेबलावर नऊ गाड्या होत्या आणि नवांचीही मापे वेगळी. एकीवर दारासारखी टाइल होती ती गाडीच्या निम्म्या उंचीची, म्हणजे त्या हिशेबाने आतला माणूस राक्षस. शेजारच्या गाडीवर तोच तुकडा खिडकी म्हणून. एकेकटी गाडी ठीक दिसत होती. शेजारी ठेवल्या की सगळ्यांचेच खेळणे होऊन जात होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठोकळे बाजूला ठेवून पट्टी घेतली. ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्याला मुले 'डॉट' म्हणतात, आपणही तेच म्हणू. दोन डॉटांच्या मध्यांतले अंतर ८ मिलिमीटर. उभा ठोकळा डॉट सोडून ९.६ मिमी उंच. जो पातळ तुकडा असतो, ज्याला प्लेट म्हणतात, तो ३.२ मिमी, म्हणजे ठोकळ्याच्या बरोबर एक तृतीयांश. आता पाच प्लेटा एकावर एक ठेवा : १६ मिमी. दोन डॉटांची लांबीही १६ मिमी. पाच प्लेटा उभ्या बरोबर दोन डॉट आडवे. या खेळातली बरीचशी कारागिरी या एका हिशेबावर उभी आहे.

मग आम्ही ठरवले की पाच प्लेटांचा मनोरा म्हणजे एक उभा माणूस. माणूस साधारण १७५ सेंटिमीटर धरला तर प्रमाण सुमारे १ ला ११० निघते. म्हणजे एक डॉट ८८ सेंटिमीटर आणि एक प्लेट ३५ सेंटिमीटर. प्रत्येक मुलाने एक बाय एकच्या पाच प्लेटांचा आपला 'माणूस' करून गाडीशेजारी उभा केला. नाव त्याचे पडले पाचप्लेटे काका. त्यानंतर भांडणे आपोआप मिटू लागली. 'दार एवढे कसे?' 'काकांना उभे करून बघ.' 'वरची झाकणी किती मोठी?' 'एक डॉटची गोल टाइल, काका कसेबसे उतरतील.' रणगाड्याची रुंदी तीन-साडेतीन मीटर असते, म्हणजे चार डॉटांच्या आत. मुलांनी केलेल्या पहिल्या गाड्या आठ डॉट रुंद होत्या. मोडल्या बिचाऱ्या.

इथे एक गंमत लक्षात आली. तोफेची नळी म्हणून जो बारीक दांडा वापरतात, तो सुमारे ३.२ मिमी जाडीचा. आपल्या प्रमाणात ती नळी ३५ सेंटिमीटर जाड झाली. आजच्या रणगाड्याच्या १२० किंवा १२५ मिलिमीटर तोफेपुढे ती युद्धनौकेची तोफ वाटते. म्हणून या मापात खरा रणगाडा हुबेहूब करायला गेले की तो बेढब दिसतो. कल्पनेतला रणगाडा मात्र तगतो, कारण जाड नळीला कारण देता येते. ती तोफ नसेलच कदाचित, दुर्बीण असेल, किरण सोडणारी नळी असेल. लहान ठोकळे आणि विज्ञानकथा यांची जोडी जमते ती अशी. तुकडा जे बनू शकत नाही त्याचा हट्ट धरायचा नाही, तो जे सहज बनतो ते काम शोधायचे. नळाची तोटी, छोट्या माणसाची दुर्बीण, रोलर स्केट, अगदी त्याचा तुटका हातसुद्धा या मापात यंत्राचा भाग होऊन जातो.

हे चित्रपटवाल्यांनी फार आधी ओळखले होते. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधल्या अवकाशयानांच्या प्रतिकृतींवर जे बारीक पाइप, पेट्या, जाळ्या दिसतात, ते बरेचसे दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिक किटांचे तुकडे होते. त्यांत दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांची किटेही होती. असा तपशील चिकटवण्याला त्या लोकांनी 'ग्रीबल' हा शब्द काढला, आणि ठोकळेवाल्यांनी तो उचलला. मुलांना हा शब्द फार आवडला, इतका की तिसऱ्या दिवशी प्रत्येक गाडी ग्रीबलांनी माखली होती. पोळ्याच्या बैलाला सजवावे तशी. त्यावरचा उतारा पुढे सांगतो, आधी बांधकाम.

सगळे डॉट वर तोंड करून असतील तर गाडी पायऱ्यापायऱ्यांची होते. रणगाड्याच्या बाजू गुळगुळीत हव्यात. त्यासाठी ठोकळे आडवे लावावे लागतात, आणि ते लावायला बाजूला डॉट असलेला ठोकळा लागतो. असे दोन-तीन प्रकार मिळतात. त्यांतल्या एकाला 'हेडलाइट'च म्हणतात. अडचण अशी की असे दोन ठोकळे थेट एकावर एक ठेवले तर बाजूच्या डॉटांत ९.६ मिमी अंतर पडते आणि आडवी प्लेट बसत नाही, कारण तिला ८ च्या पटीत अंतर हवे. मग त्या दोघांच्या मध्ये दोन प्लेटा घालायच्या. तीन आणि दोन पाच, पाच प्लेटा म्हणजे दोन डॉट, आणि बाजूची भिंत खट्‌ दिशी बसते. सातवीतल्या एका मुलाने हे स्वतः शोधून काढले आणि दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करत हिंडला.

पोट दोन डॉट रुंद, म्हणजे १६ मिमी. दोन्ही बाजूंना एकेक आडवी प्लेट आणि तिच्यावर एकेक गुळगुळीत टाइल, प्रत्येकी ३.२. एकूण २८.८ मिमी. आपल्या प्रमाणात जवळजवळ ३.१७ मीटर. खऱ्या रणगाड्याच्या रुंदीत आलो, आणि तेही बाहेर एक डॉट न दिसता. पट्ट्याच्या जागी काळी प्लेट आणि जाळीची टाइल लावली की झाले.

बुरुज फिरायला हवा असेल तर एक बाय दोनची ती प्लेट वापरा जिच्यावर मधोमध एकच डॉट असतो. एका डॉटवर बसलेली वस्तू फिरते. शिवाय या प्लेटमुळे अर्धा डॉट सरकता येते, तीन डॉटांचा बुरुज चार डॉटांच्या गाडीवर नेमका मध्यावर बसतो.

आणि सांधे. कुठल्याही गवंड्याला विचारा, विटेवर वीट सरळ रेषेत ठेवली तर भिंत चिरते, म्हणून सांधेमोड करून बांधतात. ठोकळ्यांचेही तसेच. आमच्या पहिल्या गाड्या तोफ धरून उचलल्या की बुरुज हातात आणि बाकी गाडी टेबलावर. म्हणून नियम केला : गाडी तयार झाली असे म्हणायचे तर ती कुठेही धरून उचलता आली पाहिजे. वेगवेगळ्या कंपन्यांचे ठोकळे मिसळलेले असतील, आणि आपल्या घरांत ते असतातच, तर सैल बसणारे तुकडे पोटात दडपा आणि घट्ट बसणारे टोकांना ठेवा.

आता ग्रीबलांचा उतारा. तो आम्हाला सुचला नाही. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार आजोबा नातवाला घ्यायला आले होते, त्यांच्याकडून तो मिळाला. टेबलाशी उभे राहून ते एकेक गाडी उचलून बघत होते. एका गाडीवर पुढे, मागे, वर सगळीकडे तोफा.

"छान आहे रे बाळा. पण चालवणाऱ्याला दिसतं कुठून?"

मुलगा गप्प.

"आणि बाहेर यायचं दार?"

"ते... मागे करणार आहे, आजोबा."

"कर. आम्ही पायदळवाले. आमचं लक्ष आधी दाराकडे जातं."

त्या दिवसापासून प्रत्येकाने गाडी करण्याआधी एका वाक्यात लिहायचे ठरले : ही गाडी कुठे चालते, काय करते, आत किती जण. त्या वाक्यात न बसणारा तुकडा काढायचा. निम्मे ग्रीबल गळाले, आणि गाड्या अचानक खऱ्या वाटू लागल्या.

जागा म्हणून बहुमताने मंगळ ठरला, आणि मग जी चर्चा झाली ती आम्हा मोठ्यांनाही पुरून उरली. मंगळावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के. हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि ती हवा मुख्यतः कार्बन डायऑक्साइडची. एकाने गाडीच्या मागे धुराचा पाइप लावला होता. शेजारची म्हणाली, 'ऑक्सिजनच नाही तर डिझेल जळणार कसं?' पाइप निघाला. पण वीज किंवा अणुऊर्जा घेतली तरी यंत्र तापणारच, आणि इतक्या विरळ हवेत पंख्याने थंड होणार नाही. उष्णता बाहेर टाकायला मोठे पंखे नव्हेत, पत्रे हवेत. नासाच्या क्युरिऑसिटी गाडीच्या मागच्या टोकाला असे पत्रे आहेत. मग जाळीच्या टाइल्स तिरक्या लावल्या गेल्या. सजावट म्हणून लावलेल्या टाइलपेक्षा त्या वेगळ्या दिसतात, कारण त्या जिथे हव्यात तिथेच आहेत.

हवेत तरंगणारी गाडी या चर्चेत बाद झाली. तिच्या मालकाला वाईट वाटले. हवा इतकी विरळ असताना खालून फुंकून एवढे वजन उचलणे अवघड, हे त्याने मान्य केले, पण मग इंजेन्युइटी हे छोटे हेलिकॉप्टर २०२१ साली मंगळावर उडाले त्याचे काय, असा प्रतिप्रश्नही टाकला. ते दोन किलोहूनही हलके होते. रणगाडा नव्हे.

चाके की पट्टे यावर दोन तट पडले. पट्टा वजन पसरवतो. कितीतरी टन वजनाचा रणगाडा जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला जो दाब देतो, तो आपल्या मोटारीच्या टायरच्या दाबापेक्षा कमी असतो, म्हणून तो चिखलात रुतत नाही. दुसऱ्या तटाचे म्हणणे, मंगळावर वजनच कमी, मग पट्ट्याचे लोढणे कशाला? क्युरिऑसिटीला सहा चाके आहेत. तिची ॲल्युमिनियमची चाके टोकदार दगडांनी वर्षभरात फाटायला लागली आणि पुढच्या पर्सिव्हरन्स गाडीला थोडी मोठी, अरुंद आणि जाड पत्र्याची चाके दिली, हे वाचून दाखवल्यावर सहा चाकांचा पक्ष जिंकला. चाके छोट्या खेळण्यातल्या मोटारींची घेतली.

मग एका मुलीने विचारले, तोफ उडवल्यावर काय होईल? तोफेचा मागचा धक्का मंगळावरही पृथ्वीइतकाच. पण गाडीला जमिनीशी धरून ठेवणारे वजन मात्र ३८ टक्के, म्हणून चाकांचे घर्षणही तेवढेच कमी. गाडी मागे घसरत जाणार. उपाय म्हणून तिने मागे दोन पाय काढले, जमिनीत रोवायचे, नांगराच्या फाळासारखे. दोन चिमटे, दोन तिरके तुकडे, बस्स. ही तीच मुलगी जिच्या घरी बंदूक चालत नाही. तिची गाडी ओढणारी होती, आणि जड वस्तू ओढतानाही गाडी घसरते, म्हणून पाय तिला आधीच सुचले होते. तोफवाल्यांनी ते तिच्याकडून घेतले. तिच्या गाडीवर एकही तुकडा फुकटचा नव्हता : पुढे आकडा, वर फिरती यारी, मागे रोवायचे पाय, एका बाजूला काकांच्या उंचीचे दार. पाहणाऱ्याला काही सांगावे लागत नव्हते.

पाहणाऱ्याला न सांगता कळणे, यालाच आम्ही चांगल्या लघुवाहनाची कसोटी मानू लागलो आहोत. त्यावर आधारलेला एक खेळही अमेरिकेत निघाला आहे. व्हिन्सेंट बेकर आणि जोशुआ न्यूमन यांचा 'मोबाइल फ्रेम झीरो : रॅपिड अटॅक', २०१२ चा. प्रत्येक खेळाडू ठोकळ्यांची छोटी युद्धयंत्रे स्वतः घडवतो. यंत्रावर जास्तीत जास्त चार उपकरणे लावता येतात आणि उपकरणानुसार रंगीत फासे मिळतात : हल्ल्याला लाल, बचावाला निळे, हालचालीला हिरवे, टेहळणीला पिवळे. समोरच्याने तुमच्या यंत्राकडे पाहून ओळखायचे की यात काय आहे. ढाल ढालीसारखी दिसली पाहिजे, दुर्बीण दुर्बिणीसारखी. आणि मार बसला की ते उपकरण यंत्रावरून खरोखर काढून बाजूला ठेवायचे. म्हणजे बांधणी अशी हवी की ते सहज निघावे पण उचलताना गळू नये. वर सांगितलेल्या सांध्यांची खरी परीक्षा इथे होते.

आम्ही शेवटच्या दिवशी याचे फार सोपे रूप खेळलो. नियम आमचेच, दोन फासे आणि एक फूटपट्टी. लढाई वीस मिनिटांत आटोपली आणि त्यानंतर तासभर मुले निकामी गाड्या ओढून नेण्याचा खेळ खेळत बसली, कारण ओढणारी गाडी एकच होती आणि सगळ्यांना तिची गरज होती. 'युद्धाच्याच गाड्या कशाला' या प्रश्नाला हे उत्तर नाही, हे आम्हालाही कळते. जे घडले ते सांगितले.

घरी करून पाहणाऱ्यांसाठी थोडे. पुस्तिकेतले मॉडेल एकदा करून झाले की ते मोडू द्या. आठ डॉटांचे एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, असे गणितज्ञांनी मोजले आहे. पुस्तिका त्यांतला एक दाखवते. रंग दोनच घ्या, फार तर तिसरा एखाद-दुसऱ्या तुकड्यापुरता. सगळे रंग वापरलेली गाडी लांबून वाचता येत नाही. ठोकळे रंगानुसार न लावता आकारानुसार डब्यांत ठेवा. लाल ढिगात लाल तुकडा शोधताना डोळे फुटतात. संगणकावर स्टुडिओ नावाचा मोफत प्रोग्राम आहे, त्यात नसलेले तुकडेही वापरून बघता येतात, पण लहानांना आधी हातातच द्या. आणि सुट्टीत पुण्याकडे जाणार असाल तर वाट वाकडी करून अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय जरूर दाखवा. विजयंता, सेंच्युरियन असे रणगाडे तिथे उघड्यावर उभे आहेत. मुलांना पाचप्लेटे काकांसारखे त्यांच्याशेजारी उभे करा आणि चाक कुठवर येते ते पाहू द्या.

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा दोन दिवस बसायचा विचार आहे, किल्ल्यांच्या गडबडीनंतर. मुलांनी चाळीस ते साठ तुकडे आणि स्वतःचे पाचप्लेटे काका घेऊन यावे. सहा पायांचा रणगाडा अजून उभा राहिलेला नाही. टेबल गुळगुळीत, सांधे सैल, आणि पाय फाकून तो दर वेळी पोटावर बसतो. पायांखाली रबराचे तुकडे लावून पाहिले, थोडा तग धरला, मग बसला. कुणाच्या घरी घट्ट बसणारे गोळी-सांध्याचे तुकडे पडून असतील तर कृपया बारा आणावेत, सहा पायांना प्रत्येकी दोन.